फुगलेली वही

सोमवार, रात्री

आज एकही वही बांधली नाही. ताव कापून ठेवलेत, दोऱ्याला मेण लावून झालंय, टोच्याचं टोकही दगडावर घासून घेतलं. त्याला त्याची काही गरज नव्हती, पण काम टाळायचं असलं की असली कामं फार सुचतात. मग दीड तास फोनवर दुसऱ्यांच्या वह्या बघत बसले. कुणी कातड्यावर पानंफुलं उठवलीयत, कुणी कण्यावर वेणी घातल्यासारखी शिवण काढलीय. सगळंच सुरेख. बघून झाल्यावर फोन उपडा ठेवला आणि तशीच बसून राहिले. बघण्यानं हात शिवशिवतात म्हणे. माझे तर आणखी जड झाले.

सात वर्षं झाली या कामाला. पहिल्या वर्षीची वही आणि गेल्या आठवड्यातली वही शेजारी ठेवली तर नवी जास्त नेटकी आहे, एवढंच. बाकी तेच: वर अबरी (रंगांच्या लहरी उठवलेला) कागद, कापडी कणा, आत कोरी पानं. लोक घेतात, एकमेकांना भेट देतात. आणि ज्यांना भेट मिळते ते हमखास म्हणतात, ‘इतकी छान आहे की हिच्यात लिहावंसंच वाटत नाही.’ सात वर्षं हे वाक्य मी कौतुक म्हणून घेत आले. आज पहिल्यांदा ते टोचलं. मी न लिहायच्या वह्या बनवते की काय?

बुधवार

दुपारी एक बाई आल्या. पिशवीतून रबरबँड गुंडाळलेलं एक गाठोडं काढून टेबलावर ठेवलं. “ताई, ही तुमच्याकडचीच ना?”

माझीच होती. चार वर्षांपूर्वीची, निळ्या अबरीची. पण ओळखायला वेळ लागला, कारण वही मूळच्या अडीचपट जाड झाली होती आणि वरचा पुठ्ठा चोच उघडल्यासारखा वर आला होता. आत त्यांच्या वडिलांचं सगळं दुखणंखुपणं. रोजचं बीपी, साखर, कुठली गोळी बंद केली, कुठली अर्धी केली. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, रक्ततपासणीचे चार घड्या घातलेले कागद, गोळ्यांच्या पाकिटाचे कापलेले तुकडे, सगळं त्या त्या तारखेला डकवलेलं.

मी जरा घाबरतच विचारलं, “आता वडील...?”

“ते ठणठणीत आहेत हो. वहीच गेली.”

नवी नको म्हणाल्या. यातलं सगळं यातच राहायला हवं. आणि वर मलाच म्हणाल्या, “चूक आमचीच, आम्ही फारच कोंबलं.” मी पण ‘असू दे, असू दे’ म्हणून मोठेपणा घेतला. आता रात्री तीच वही समोर आहे आणि त्या मोठेपणाची लाज वाटतेय.

गुरुवार

वही उकलली. आपलंच काम उकलणं म्हणजे आपलं जुनं पत्र दुसऱ्यानं मोठ्यानं वाचून दाखवण्यासारखं आहे. ऐकवत नाही, पण कान तिकडेच.

आधी पुठ्ठा. सांध्यावर अस्तराचा कागद वरपासून खालपर्यंत फाटला होता, त्यामुळे सुरी लावायचीही गरज पडली नाही. कण्यावरचा पांढरा गोंद मात्र हटेना. चार वर्षांपूर्वी मी तो चांगला सढळ हातानं थापला होता, ‘मजबूत होईल’ म्हणून. मैद्याची खळ असती तर ओल्या फडक्यानं दहा मिनिटांत मऊ झाली असती. हा गोंद एकदा वाळला की पाण्याला दाद देत नाही. चिमट्यानं एकेक टवका काढत दोन तास गेले. त्या कडक थरामुळे कण्याला वाकताच येत नव्हतं. मग सगळा ताण दोऱ्यावर आणि घडीवर. तिसऱ्या आणि सातव्या जुजाची, म्हणजे एकत्र दुमडून शिवलेल्या तावांच्या गड्डीची, घडी दोऱ्यानं करवतीसारखी कापली होती.

आणि मग पानं. आतल्या बाजूला, कण्यालगत, प्रत्येक पानावर बारीक लाटा. एक पान हातात घेऊन हलकेच वाकवून बघितलं, आधी आडवं, मग उभं. काय ते कळलं. खात्री करायची म्हणून एका कोऱ्या पानाचा तुकडा कापून एका बाजूनं ओला केला. तो ज्या दिशेनं नळीसारखा वळला त्यावरून उरलीसुरली शंकाही मिटली. तंतू आडवे.

कागद यंत्रावर बनतो तेव्हा लगदा एका दिशेनं धावतो आणि बहुतेक तंतू त्याच दिशेनं निजतात. १७९९ साली लुई-निकोला रोबेर या फ्रेंच माणसानं सलग कागदाच्या यंत्राचं पेटंट घेतलं, तेव्हापासून कागदाला हा स्वभाव चिकटला. हातकागदात तंतू चहूकडे पसरलेले असतात, तिथं ही भानगड जवळजवळ नाहीच. ओल लागली की तंतू लांबीत फारसा वाढत नाही, जाडीत फुगतो. म्हणून वहीत तंतू कण्याला समांतर हवेत, म्हणजे फुगलेला कागद मोकळ्या बाजूला सरकतो. आडवे असले तर त्याला सरकायला जागाच नाही. वर गोंदानं जखडलेला. मग तो लाटा काढतो.

बाजारात मिळणाऱ्या ए-फोर तावात तंतू साधारणपणे लांब बाजूनं असतात. तोच मधोमध दुमडून ए-फाइव्ह वही केली की ते हटकून आडवे येतात. ए-थ्रीचा लांब तंतूंचा ताव आधी अर्धा कापायचा, मग दुमडायचा, की काम बरोबर होतं. हे मला आज माहीत आहे. चार वर्षांपूर्वीही माहीत होतं. पण त्या महिन्यात मागणी फार होती आणि ए-फोरचे गठ्ठे समोर होते.

या वहीच्या कागदाची दिशा आता काही केल्या बदलता येणार नाही.

शुक्रवार

फाटलेल्या घड्यांना पातळ जपानी कागदाच्या पट्ट्या लावल्या. पाठ दुखतेय. बाकी काही नाही.

रविवार

वही फुटली ती नुसत्या माझ्या गोंदानं नाही. कण्याशी मोजली तर १४ मिलिमीटर, उघड्या बाजूला दाबून धरली तरी ३४. मधले वीस मिलिमीटर म्हणजे त्या बाईंची चार वर्षं, आणि त्यांना मी कण्यात जागाच ठेवली नव्हती. वही लिहिली जाणार, तिच्यात काही डकवलं जाणार, हे माझ्या हिशेबातच नव्हतं. मी जी वही डोळ्यांसमोर ठेवून बांधायचे ती रिकामी होती, आणि कायम रिकामीच राहणार होती.

आणि मग पट्ट्या आठवल्या. ज्या काकांकडे मी बांधणी शिकले ते फोटोंचे अल्बम बांधायचे. प्रत्येक दोन पानांच्या मध्ये दीड सेंटिमीटर रुंदीची एक दुमडलेली पट्टी शिवायची, म्हणजे पुढे फोटो लागले की त्यांची जाडी कण्याशीही भरून निघते. त्या पट्ट्या कापायचं काम माझ्याकडे. शेकड्यांनी कापल्या असतील, तेव्हा फार कंटाळवाणं वाटायचं. मला सोनेरी अक्षरं उठवायला शिकायची होती. काका म्हणायचे, “रिकामी असताना तर कुणाचीही वही नीट बसते.” मी ते ऐकून सोडून दिलं होतं. नवं काही सुचावं म्हणून मी महिनोन्महिने फोन चाळत होते, आणि हे हाताखालून गेलेलं होतं!

कपाटातून पुस्तक-जतनाविषयीची जुनी टिपणंही काढली. इटलीतल्या फ्लॉरेन्सचा पूर मी शिकताना वाचला होता, पण आज वेगळा वाचला. ४ नोव्हेंबर १९६६ ला आर्नो नदी शहरात घुसली आणि तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयातली लाखो पुस्तकं चिखलात गेली. वाचवायला देशोदेशीचे बांधणीकार आणि जतनतज्ज्ञ धावले, त्यांत क्रिस्टोफर क्लार्कसन होते. त्यांच्या लक्षात आलं, की सोळाव्या शतकातली काही साधीसुधी पुस्तकं बाकीच्यांपेक्षा बरीच धड राहिलीयत. कडक पुठ्ठा नाही, लवचीक चर्मपत्राचं वेष्टण, गोंद जवळपास नाहीच. शिवणीच्या पट्ट्याच वेष्टणाच्या छिद्रांतून ओवून घेतलेल्या. त्यांच्या काळात ही स्वस्तातली, कामचलाऊ बांधणी. पुढे जतनाचं काम करणाऱ्यांनी ती मुद्दाम आपलीशी केली.

माझ्याकडे पूर आला नाही. एक बाई रबरबँड लावलेली वही घेऊन आल्या. पण बघितलं ते तेच: काय टिकलं, काय सुटलं.

मंगळवार

भावानं सकाळी मायकल फॅरेडेवर काहीतरी पाठवलं. गरीब मुलगा, बांधणीच्या दुकानात उमेदवारी, बांधायला आलेली पुस्तकं वाचून शास्त्रज्ञ झाला, वगैरे. खाली ‘तुझ्यासाठी!’ आणि तीन उद्गारचिन्हं. या गोष्टीतून लोक नेहमी वाचनाचं महत्त्व काढतात. मला मात्र वेगळंच दिसतं. १८१२ साली त्यानं रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांची व्याख्यानं ऐकली, सविस्तर टिपणं काढली आणि ती स्वतः बांधून त्यांनाच पाठवली, जवळजवळ तीनशे पानं. पुढच्याच वर्षी त्यांच्याकडे मदतनीस म्हणून लागला. म्हणजे ती वही आधी भरली आणि मग बांधली. हे भावाला कळवलं. त्यानं अंगठा पाठवला.

दुपारभर शिवणकाम. दहा जुजं, प्रत्येकात चार ताव. प्रत्येक तावाच्या घडीला एक जाड पट्टी, दुमडून अर्धा मिलिमीटर भरेल अशी. चाळीस पट्ट्या, वीस मिलिमीटर. हिशेब इतका चोख जमला की मीच दोनदा मोजलं. कण्यावर गोंदाचा थेंब नाही. तीन कापडी फितींवर शिवलं आणि फिती मऊ वेष्टणातून ओवून घेतल्या. निळी अबरी टाकवेना, म्हणून तिचा धड राहिलेला तुकडा आतल्या बाजूला लावला. लावताना खळ वापरली. पुढे कुणाला उकलायची झाली तर त्याचे दोन तास वाचतील.

गुरुवार

त्याच पद्धतीनं नव्या तीन वह्या केल्या, नमुना म्हणून. ए-थ्री कापून, तंतू बघून, पट्ट्या घालून. रिकाम्या असताना त्या अगदीच उपाशी दिसतात: कण्याशी जाड, पुढे चपट्या, बंद केल्या की पाचरीसारख्या. फोटो काढला तर काहीच उठाव नाही. ओळखीच्या एका मैत्रिणीला दाखवल्या. ती म्हणाली, “हिला झालंय काय?” बरोबर आहे तिचं. दुकानात ही कुणी आपणहून उचलणार नाही, हिच्याबद्दल सांगावं लागेल. आणि सांगणं हे माझं अंग नाही.

त्यातली एक मीच वापरायला काढली. त्या फुटलेल्या वहीचे गोंदाचे टवके, कापलेला दोरा, तो ओला करून वळलेला कागद, सगळं पहिल्या पानांवर डकवलं. खाली तारीख घातली. आजवर सातेकशे वह्या बांधल्या असतील, त्यांतली एकही मी स्वतः भरलेली नव्हती. ही रोजनिशीसुद्धा आत्तापर्यंत पाठकोऱ्या कागदांवरच चाललीय, क्लिप लावून. उद्यापासून तिकडे.

अबरीच्या वह्या बंद करायच्या का? नाही, इतक्यात नाही. त्यांच्यावर घर चालतं. पण या महिन्यातल्या वीसपैकी पाच तरी पट्ट्यांच्या करायच्या, आणि पुढे ज्या कुणी फुटतील त्या माझ्याकडे आणा, फुकट दुरुस्त करीन, असं प्रत्येक वहीच्या शेवटच्या पानावर लिहायचं. दुरुस्तीची हौस आहे म्हणून नव्हे. कुठे फुटतात ते मला बघायचंय.

शनिवार

त्या बाई आल्या. वही टेबलावर ठेवली आणि मधूनच उघडली. दोन्ही बाजू सपाट पडल्या, हात लावून धरावं लागलं नाही. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, कबूलच करते. त्या काही बोलल्या नाहीत. पानं उलटत शेवटच्या तारखेपर्यंत गेल्या, पर्स उघडली, चार घड्या घातलेला एक कागद काढला आणि तळहातानं सरळ केला.

“गोंद आहे का हो?”

मी खळीची वाटी पुढे सरकवली.