चुना, कुटार आन् मेडिकलवाला ड्रॉप

तुरीचे थ्रेशर फिरायला लागले की माझ्या दुकानात चष्मेवाले कमी आन् लाल डोळेवाले जास्त असा सीझन सुरू होते. बसस्टँडच्या बाजूला चष्म्याचं दुकान आहे माझं, पाटीवर ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे डोळे तपासणारी, असं लिहिलंय पण ते कोणी वाचत नाही, लोकांच्या लेखी मी नंबर काढणारी मॅडम. यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, आजूबाजूला सगळी पऱ्हाटी, तूर, सोयाबीन. थ्रेशरचं कुटार, म्हणजे भुसा, उडते, डोळ्यात जाते, माणूस दुपट्ट्यानं डोळा चोळते, सांजच्याला बायको नळाखाली डोळा धुवून देते, आणि दुसऱ्या दिवशी गडी पुन्हा थ्रेशरवर. पोटाचा प्रश्न आहे, त्याच्यावर मी काय बोलू. मी बोलते ते त्याच्यानंतरच्या चार-पाच दिवसांवर.

गेल्या सीझनला एक काकाजी आले. बटईनं, म्हणजे दुसऱ्याचं शेत वाट्यानं करतात, साठीच्या आसपासचे. डोळ्याला दुपट्टा लावूनच आत आले.

"कधी लागलं काकाजी?"

"झाले अस्तीन चार-पाच रोज. तुरीचं कुटार गेलं डोयात. मेडिकलमधून ड्रॉप आनला, टाकला का थंड वाट्टे, पन आता दिसूनच नाई राह्यलं."

खिशातून पन्नी काढली, पन्नीत आधार कार्ड, पासबुक आणि ती बारकी बाटली. बाटलीवरची अक्षरं मलाच लाइटखाली धरून वाचा लागली. डेक्सामेथासोन. म्हणजे स्टेरॉइड. आता मेडिकलवाल्याचं काय असते, डोळा लाल आहे म्हटलं की हा ड्रॉप हातात देते, कारण ह्याच्यानं लाली पटकन उतरते, माणसाला बरं वाटते आणि पुढच्या वेळेस तो त्याच दुकानात येते. पण शेतातल्या काडीकचऱ्यानं बुबुळावर ओरखडा पडला तर त्यातून बुरशी आत शिरते, फ्युजेरियम आणि अ‍ॅस्परजिलस ह्या आपल्याकडच्या नेहमीच्या दोन, आणि स्टेरॉइड काय करते तर शरीराची लढायची ताकद तिथल्या तिथे दाबून टाकते. वरून डोळा शांत दिसते, आत बुरशीला रान मोकळं.

हनुवटी ठेवायला लावली, स्लिट लॅम्प, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणारं भिंगाचं मशीन, लावला. उजेड सहन होत नव्हता त्यांना, गालावरून पाणी वाहून राह्यलं होतं. फ्लोरेसिन नावाच्या रंगाची केशरी पट्टी पापणीच्या आत टेकवली, निळा लाइट टाकला, बुबुळाच्या मधोमध हिरवा डाग पेटला. पांढऱ्या लाइटमधे पाह्यलं तर डाग राखाडी, कोरडा, आणि कडा पिंजलेल्या कापसासारख्या सुटलेल्या. ही कड पाह्यली की माझ्या पोटात गोळा येते. म्हटलं काकाजी, आजच्या आज यवतमाळच्या मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात जा लागते, मी चिठ्ठी देते.

"आज कसं जमन पोरी, ढीग उघड्यावर पडला हाय, मजूर लागले हायत."

लेकाला फोन लावला, तो आला, गेले एकदाचे. तिथे बुबुळ खरवडून तपासलं, बुरशीच निघाली, मग नॅटामायसिन नावाचा ड्रॉप तासातासाला, रात्रीसुद्धा, आठवडेच्या आठवडे. डोळा काढा नाही लागला. पण मधोमध फूल पडलं ते पडलंच, त्या डोळ्यानं आता समोर धरलेली बोटं तेवढी मोजता येतात.

हे सगळं एवढं लांबवून सांगायचं कारण हे की त्या माणसाला पहिल्या दिवशी मोठा डॉक्टर नकोच होता. पहिल्या दिवशी पाहिजे होता डोळा भिंगाखाली पाहून "हे साधं आहे" किंवा "हे आजच गेलं पाहिजे" एवढं सांगणारा माणूस, आणि तो माणूस आपल्याकडे आहे, फक्त लोकांना माहीत नाही. ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी असतात. गावात त्यांची ओळख काय, तर मोतीबिंदूच्या शिबिराची गाडी भरणारे साहेब. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम 1976 पासून चालू आहे आणि त्याच्यातलीच ही माणसं, पण एकेकाकडे शाळा तपासणी, प्राथमिक आरोग्य केंद्राचे वार, शिबिरं एवढं सगळं गळ्यात असते की लाल डोळेवाला जाते तेव्हा साहेब नेमके दुसऱ्या गावी. तरी मी सांगते, आधी तिथे जा, कोणत्या वारी बसतात ते आशाताईला विचारून ठेवा. ते नसले तर शिकलेला ऑप्टोमेट्रिस्ट गाठा, ज्याच्याकडे स्लिट लॅम्प आहे असा. आम्ही उपचार करणारे डॉक्टर नाही, ते काम डोळ्याच्या सर्जनचं, पण ओळखायला आणि वेळेत पाठवायला तर येते ना.

माझी मैत्रीण वेल्समधे हेच काम करते, तिच्याशी बोलणं झालं की माझा जीव जळते. तिकडे डोळ्यात काही गेलं, अचानक लाल झाला, दिसणं कमी झालं तर लोक फॅमिली डॉक्टरकडे जातच नाहीत, सरळ जवळच्या चष्म्याच्या दुकानात ऑप्टोमेट्रिस्टकडे, आणि त्याचे पैसे सरकार देते. नजर कमी झालेल्यांसाठी लो व्हिजनची तपासणीही तशीच, भिंगंबिंगं फुकट वापरायला. स्कॉटलंडमधे तर 2006 पासून डोळ्यांची तपासणी सगळ्यांनाच फुकट आहे. आपल्याकडे 2021 च्या कायद्यानं ऑप्टोमेट्रिस्टला आरोग्य व्यावसायिक म्हणून नाव तर मिळालं, काम मात्र अजून फ्रेम दाखवायचंच.

आता चुना. हा विषय निघाला की माझं डोकंच फिरते. विदर्भात घराघरात खर्रा, तंबाखू-सुपारी-चुना घोटलेला, म्हणजे घराघरात चुना. प्लास्टिकची पुडी नाहीतर ट्यूब बाजेवर पडून असते, लहान लेकरू ती तोंडाजवळ धरून दाबते, पिचकारी सरळ डोळ्यात. आणि मग घरचे काय करतात, तर तूप घालतात, कोणी मध, कोणी आईचं दूध, कारण कोणीतरी सांगून ठेवलंय की चुन्यावर पाणी पडलं की तो उकळते. अरे बाप्पा, खायचा चुना आधीच विझवलेला असते, तो काही उकळत नाही! पाणीच टाकायचं, हातपंपाचं, नळाचं, मडक्यातलं, जे स्वच्छ हाती लागन ते. एकानं लेकराला धरायचं, दुसऱ्यानं पापण्या बोटांनी उघड्या ठेवायच्या आणि अर्धा तास धार चालू. लेकरू बोंबलन, बोंबलू द्या. चुना जेवढा वेळ डोळ्यात राहते तेवढा आत जाळत जाते, अ‍ॅसिडपेक्षाही हे वाईट, आणि वरच्या पापणीच्या आतल्या बाजूला त्याचे खडे चिकटून बसतात ते घरी निघतच नाहीत. म्हणून धुऊन झाल्यावर तसंच दवाखान्यात, त्याच दिवशी. फवारणीचं औषध उडालं तरी हेच, आधी पाणी. 2017 च्या खरिपात आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं 20 च्या वर माणसं गेली, तेव्हा दवाखान्यात भरती झालेल्यांमधे दिसेनासं झालेलेही होते, म्हणजे डोळा आणि जीव दोन्हीचा प्रश्न आहे तो. फवारणीनंतर अंधूक दिसून उलट्या, घाम, लाळ सुरू झाली तर मग डोळ्याचा डॉक्टर शोधत बसू नका, 108 लावा.

रुईचा चीकही ध्यानात ठेवा. शनिवारी मारोतीला पानं तोडताना तो उडते, आणि त्याचं लबाड काम असं की फार दुखत नाही, नुसतं धुकं धुकं दिसते, म्हणून माणूस दोन दिवस घरीच बसते. आणि गावातल्या ज्या म्हाताऱ्या जिभेनं डोळ्यातला कचरा काढून देतात त्यांच्या हाताला, म्हणजे जिभेला, गुण असन बाप्पा, पण तोंडातले जंतू ओरखड्यात जातात त्याचं काय.

लाली नाही, दुखणं नाही तरी पळतच जायचं असे प्रकारही आहेत. डोळ्यासमोर विजा चमकल्यासारख्या होऊन अचानक काळे ठिपके उडायला लागले, किंवा एका बाजूनं पडदा सरकत आला, तर आतला पडदा सुटून राह्यला असू शकते. एका डोळ्याची नजर एकाएकी गेली, शुगरवाल्याला अचानक लाल-काळं जाळं दिसायला लागलं, तर उद्यावर टाकू नका. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर काही दिवसांत डोळा दुखायला लागला आणि नजर कमी झाली तर जिथे ऑपरेशन झालं तिथेच, ताबडतोब, पुढच्या तारखेची वाट नाही पाहायची. आणि एक फसवा प्रकार, अर्धं डोकं फुटायला आलं, उलट्या होऊन राह्यल्या, लाइटभोवती रंगीत कडं दिसते, डोळा लाल आणि दगडासारखा टणक. घरचे म्हणतात पित्त झालं. आमच्या मामीला दोन दिवस पित्ताच्याच गोळ्या चालू होत्या एका दवाखान्यात, निघाला काचबिंदूचा अटॅक. दोन दिवसांत गेलेली नजर वापस नाही आली.

गेलेल्या नजरेचं पुढे काय हे तर कोणीच सांगत नाही. डॉक्टर म्हणतात आता काही होत नाही, माणूस घरी येऊन खाटेवर बसते. तिकडे वेल्समधल्या दवाखान्यांत म्हणे अशा पेशंटजवळ बसून पुढचं सगळं समजावून सांगायला वेगळा माणूसच नेमलेला असते. आपल्याकडे ते काम जमन तसं मीच करते, चष्म्याच्या काउंटरवर.

आमच्या काकाजींचंच घ्या. दिव्यांग प्रमाणपत्राला गेले तर दुसरा डोळा चांगला. एक डोळा पूर्ण गेला, अगदी उजेडसुद्धा दिसत नाही, आणि दुसरा नीट आहे तर नियमानं 30 टक्केच मिळतात, आणि सवलती सुरू होतात 40 पासून. काकाजींचेही 40 भरले नाहीत. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत एक डोळा निकामी झाला तर 1 लाख आहेत, पण सातबाऱ्यावर नाव शेतमालकाचं. बटईवाला, सालदार, मजूर ह्यांचे डोळे त्या हिशोबात येतच नाहीत, आणि थ्रेशरसमोर उभं तर तेच राहतात. बँकेतून वर्षाला 20 रुपये कटतात ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा, तिच्यात एका डोळ्याचे 1 लाख आहेत पण नजर पूर्ण आणि कायमची गेलेली पाहिजे, बोटं मोजता येतात म्हटल्यावर तिथेही अडलं. ज्यांचं बसते त्यांनी पासबुकात ते 20 रुपये कटलेले दिसतात का ते पाहा आणि दवाखान्याचा पहिल्या दिवसाचा कागद जपून ठेवा, अपघातानं झालं हे त्याच्यावर लिहून घ्या.

ज्यांच्या दोन्ही डोळ्यांची नजर कमी झाली त्यांनी मात्र यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढाच. एसटीत 75 टक्के सवलत आहे, संजय गांधी निराधारचा अर्ज करता येते, आणि ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करा लागतात, हे सरपंच आपणहून सांगत नाही, ग्रामसभेत उठून विचारा लागते. थोडीफार नजर शिल्लक असन तर भिंग, जाड अक्षरं, टेबलावर वाकता लाइट ह्यानं पुष्कळ काम होते. अँड्रॉइड मोबाइलमधे स्क्रीनवरचं वाचून सांगणारं टॉकबॅक आहे, मराठीत बोलते, एका आजीला चालू करून दिलं तर आता नातवाचा फोन कोणाला न विचारता उचलते, वरून मला म्हणते ह्या मोबाइलमधल्या बाईचा आवाज कमी कर, लय बोलते. लेकरू असन तर घरी नका बसवू, वरोऱ्याला आनंदवनात अंध मुलांची शाळा आहे, चौकशी करा.

प्रमाणपत्राचा बोर्ड जिल्हा रुग्णालयात ठरलेल्या वारीच बसते आणि त्या दिवशी सक्काळपासून रांग असते. आधी वार विचारा, ऑनलाइन नोंदणी सेतूतून करून घ्या, आधार आणि जुने सगळे डोळ्याचे कागद सोबत न्या, आणि म्हाताऱ्या माणसाला उपाशी नका नेऊ, नंबर लागायला दुपार होते.