जमीन एकाची की सगळ्यांची

मेनोनाइटांबद्दल वाचताना धर्मापेक्षा त्यांच्या जमिनीच्या भानगडीत मला जास्त गोडी वाटते. लालबागच्या माणसाला ती वाटायचीच. आमचे आजोबा संगमेश्वरकडून मिलमध्ये आले, कारण गावची जमीन भावाभावांत वाटून हातरुमालाएवढी उरली होती. ह्या लोकांनी नेमकं उलटं केलं, जमीन वाटलीच नाही. तरीही गावं फुटलीच!

थोडक्यात पार्श्वभूमी. सोळाव्या शतकातला हा ख्रिस्ती पंथ. बाप्तिस्मा मोठेपणी घ्यायचा, हत्यार धरायचं नाही, शपथ वाहायची नाही. छळ सोसत आजच्या पोलंडमधल्या विस्तुला नदीच्या पाणथळ मुखाशी गेले आणि तिथून रशियाच्या सम्राज्ञी कॅथरीनच्या बोलावण्यावरून नीपर नदीच्या मुलखात. १७८९ मध्ये खोर्तित्सा ही पहिली वसाहत, १८०४ पासून मोलोच्ना ही दुसरी. आजचं दक्षिण युक्रेन. चहूकडे गवताळ माळ, झाड औषधालाही नाही, शेजारी कळप हाकणारे नोगाई. मोलोच्नात दर कुटुंबाला ६५ देस्यातिना जमीन, म्हणजे पावणेदोनशे एकरांच्या आसपास. सैन्यभरतीतून सूट, शाळा आणि कारभार आपापला.

अट अशी की शेताचे तुकडे पाडायचे नाहीत. बापामागे मालमत्तेत मुलग्यांइतकाच मुलींचाही वाटा. (आमच्या आत्यांच्या हक्कसोडपत्रावर सह्या झाल्या तेव्हा त्यांना कुणी नीट वाचूनही दाखवलं नव्हतं.) पोरक्या मुलांचा वाटा सांभाळायला वाइझेनाम्ट नावाची वेगळी व्यवस्था होती. शेत मात्र एकानेच घ्यायचं आणि बाकीच्यांना पैसे चुकते करायचे. ऐकायला छान. पण घरोघरी आठ-दहा पोरं, तर उरलेल्यांनी करायचं काय? १८६० च्या दशकात मोलोच्नातली जवळपास दोन तृतीयांश कुटुंबं भूमिहीन होती. गावाच्या टोकाला खोपटं, सुतारकी, नाहीतर भाऊबंदांच्याच शेतावर मजुरी. गावसभेत मत फक्त जमीनवाल्याला. रविवारी प्रार्थनेला सगळे एका बाकावर, सोमवारी निर्णय घ्यायला ठरावीकच! शेवटी १८६६ मध्ये सरकारने हस्तक्षेप करून भूमिहीनांना मत दिलं. पुढे त्यांच्यासाठी नव्या वसाहतींची जमीन विकत घेतली गेली.

तेवढ्यात सक्तीच्या लष्करी सेवेचा कायदा आला. १८७४ पासून सुमारे एक तृतीयांश लोक अमेरिका खंडात गेले. दहाएक हजार अमेरिकेत, सातेक हजार कॅनडातल्या मॅनिटोबात. भूमिहीनांसाठी १८३६ मध्ये काढलेली बेर्गथाल वसाहत जवळजवळ अख्खी उठून गेली. मॅनिटोबातला तो माळ काही रिकामा नव्हता. अनिशिनाबे ह्या मूळ रहिवाशांचा आणि मेती ह्या मिश्र वंशाच्या लोकांचा तो मुलूख, अनिशिनाबेंचा सरकारशी जमिनीचा करार होऊन जेमतेम तीन वर्षं झालेली. ह्याचा उल्लेख वसाहतवाल्यांच्या कौतुकात फार कमी येतो.

बिनझाडाच्या त्या माळावर इतर वसाहतवाले बिचकत, ह्यांना मात्र जुनी सवय होती. शेणाच्या विटा वाळवून भट्टी पेटवायची, घर आणि गोठा एकाच छपराखाली.

खरी गंमत कागदात आहे. कायद्याने १६० एकर प्रत्येकाच्या स्वतःच्या नावावर. ह्यांनी आपसात ठरवून सगळं एकत्र केलं, एका रस्त्याला धरून गाव वसवलं आणि चांगल्या-वाईट मातीच्या पट्ट्या सगळ्यांना मिळतील अशी आखणी केली. वहिवाट गावाची, कागद एकेकट्याचा. मग एखादा उठून म्हणायचा, "माझे १६० एकर मला द्या." कायदा त्याच्या बाजूने. पट्ट्या मोडायच्या आणि हळूहळू गावही. १९२२ पासून सरकारशी झालेल्या शाळांच्या भांडणावरून त्यांच्यातले जुन्या वळणाचे लोक मेक्सिकोत गेले, तेव्हा त्यांनी जमीन एकेकट्याच्या नावावर केलीच नाही, वसाहतीच्या ताब्यात ठेवली. शहाणपण महागात मिळालं होतं, पण मिळालं.

आमच्या अकरा गुंठ्यांच्या सातबाऱ्यावर इतकी नावं आहेत की पोटहिस्से पाडायचे की सामाईक ठेवायचं ह्यावर घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज खडाजंगी चालते. मी हा सगळा इतिहास तिथे लिहून पाठवला. चुलतभावाचं उत्तर आलं, "छान. आता फेरफारासाठी आधारची झेरॉक्स पाठव."