पर्जन्यमापकाचा डॅशबोर्ड: तिसरा आठवडा

गच्चीवरचा पर्जन्यमापक आणि रास्पबेरी पाय (चिमुकला संगणक) मागच्या आठवड्यातच बोलायला लागले होते. या खेपेला ब्राउझर आणि सर्व्हरची सोयरीक जमवायची होती.

नोंदी पुरवणारी फ्लास्कची (पायथनची वेब-चौकट) सर्व्हिस ५००० पोर्टवर (संगणकाचं क्रमांकित दार), पान ५१७३ वर. कर्लने (कमांड लाइनवरून विनंती करणारं साधन) मागितलं की जेसन (माहितीचा मजकुरी साचा) मुकाट हातात, ब्राउझरने मागितलं की कन्सोल लालेलाल. तासभर फ्लास्कच्या नावाने खडे फोडले. पण पोर्ट बदलला की ब्राउझरच्या लेखी ओरिजिनच (मूळ ठिकाण) बदलतो, आणि दुसऱ्या ओरिजिनची माहिती पानाला द्यायची का, ही चौकशी ब्राउझरच करतो. कर्लला तिचं सोयरसुतक नाही. नुसतं वाचायला सर्व्हरच्या उत्तरात परवानगीचा एक हेडर पुरला. जेसन पोस्ट करायला गेलो, तर ब्राउझरची आधी परवानगी विचारणारी ऑप्शन्सची विनंती. शेवटी एनजिनएक्स हा मध्यस्थ सर्व्हर पुढे उभा केला. पानही त्याच्याकडूनच आणि एपीआयचे कॉलही (माहितीच्या विनंत्या) त्याच्यामार्फतच. एकच दार, कटकट मिटली.

थेट पाऊस दिसावा म्हणून दुतर्फा वेबसॉकेटऐवजी सर्व्हर-सेंट इव्हेंट्स घेतले. माहिती एकाच दिशेने यायची आहे, आणि जोडणी तुटली तर ब्राउझरमधला इव्हेंटसोर्स आपणहून पुन्हा जोडतो. पहिल्या सरीला पडद्यावर शुकशुकाट, मग एकदम ढीगभर नोंदी! एनजिनएक्स उत्तर साठवून ठेवत होता. प्रॉक्सी बफरिंग बंद केलं. आता वर मापकातली वाटी भरून कलंडली की खाली आलेख लगेच सरकतो. बघत बसलो, चहा गार झाला.

वाटी एकदा कलंडली की ०.२ मिलिमीटर पाऊस. तीनदा कलंडली की जावास्क्रिप्टचा हिशेब ०.६००००००००००००००१. म्हणून सर्व्हिस आता कलंडण्यांची नुसती संख्या पाठवते, मिलिमीटर दाखवताना काढतो.

खरा घोळ तारखेचा. सर्व्हिस '२०२५-०७-१४' एवढंच पाठवायची. न्यू जर्सीहून ताईचा फोन: "अरे, चौदाला धो धो पडला म्हणालास ना? इथे तर तेराला दिसतोय!" नुसती तारीख दिली की जावास्क्रिप्ट यूटीसीची (जागतिक प्रमाणवेळ) मध्यरात्र धरते. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच, तारीख तीच, म्हणून मला पत्ताच नव्हता. ताईकडे मात्र आदल्या दिवशीचे रात्रीचे आठ. शिवाय हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. चौदाची नोंद म्हणजे तेराच्या साडेआठपासूनचा पाऊस. तेव्हा पर्जन्यदिन ही वेळ नव्हेच, ती वहीतल्या पानावरची चिठ्ठी. ती आता मजकूर म्हणूनच जाते, जावास्क्रिप्टच्या डेट ऑब्जेक्टच्या वाटेला जात नाही. प्रत्येक कलंडण्याची वेळ मात्र +०५:३० (भारतीय वेळेचा यूटीसीशी फरक) सकट जाते.

राहिलेलं काम: वायफाय गेलं की मधल्या नोंदी हुकतात. प्रत्येक इव्हेंटला आयडी दिला, तर पुन्हा जोडताना ब्राउझर शेवटचा आयडी सांगतो. तिथून पुढच्या नोंदी पाठवणं माझ्याकडे. रविवारी बसतो, पावसाने उसंत दिली नाही तर उत्तमच.