खजुराचं झाड वरूनच दिसतं

आज सुट्टी, बाहेर मरणाचं ऊन, म्हणून लेकीला घेऊन गूगल अर्थचं टाइमलॅप्स (वर्षानुवर्षांचे उपग्रह फोटो एकामागून एक) लावून बसलो. २००० सालच्या दुबईचा किनारा म्हणजे सरळ रेघ, आणि मग बघता बघता समुद्रात खजुराचं झाड उगवतं, खजुराच्या झाडाच्या आकाराचं माणसाने बनवलेलं बेट, पाम जुमेराह! लेक म्हणते, बाबा एवढं वाळवंट आहे, तिथलीच वाळू टाकली असेल ना? तर नाही, ती फार बारीक आणि गोलसर, पाण्यात टिकत नाही, म्हणून समुद्राच्या तळातूनच उपसून फवारली. भोवती ११ किलोमीटरचा बांध, आतलं पाणी साचायला लागलं म्हणून त्याला मधे फटी ठेवाव्या लागल्या. शेजारचं 'द वर्ल्ड', म्हणजे जगाच्या नकाशाच्या आकारात बनवलेली बेटं, बघून मात्र कसंतरीच झालं, २००८ च्या मंदीनंतर बरीच बेटं नुसते वाळूचे ठिपकेच राहिलीत. आणि मी कामासाठी कितीवेळा त्याच पामवर जातो, पण झाड कधी दिसलंच नाही हो, खालून नुसत्या बिल्डिंगा आणि ट्रॅफिक 😄