नवा डाग नाही, पण थकवा आहेच

मला एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस) आहे, म्हणजे माझी प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंच्या आवरणावर हल्ला करते. त्यावरचं ऑक्रेलिझुमॅब हे औषध मला वर्षातून दोनदा सलाइनमधून दिलं जातं. नवे झटके (लक्षणं अचानक उफाळून येणं) रोखायचे हे त्याचं काम, आणि एमआरआयवर नवा डाग नाही. असे झटके कमी करणारं एमएसचं पहिलं औषध, इंटरफेरॉन, अमेरिकेत १९९३ साली मंजूर झालं. त्याआधीच्या रुग्णांनी कसं निभावलं असेल, हा विचार मला अस्वस्थ करतो.

"मग आता बरी आहेस ना?" असं विचारतात. पण मज्जातंतूंवरचं जे मायलिन, म्हणजे आवरण, आधीच गेलंय, ते हे औषध परत आणत नाही. गरम पाण्याने अंघोळ केली की डाव्या डोळ्यापुढे धुरकट होतं, बटण लावताना ते बोटांना कळतच नाही. अंग तापलं की मायलिन गेलेल्या तंतूंमधून संदेश नीट पोचत नाहीत. गार झालं की दिसायला लागतं. हा नवा झटका नव्हे, आणि हे निदानाच्या वेळीच सांगायला हवं.

थकवा तर झोपूनही जात नाही. जड कामं सकाळी उरकणं आणि झेपेल तेवढा नियमित व्यायाम, याने मला फरक पडलाय. लघवीच्या तक्रारीही मी न्यूरोलॉजिस्टना आता मोकळेपणाने सांगते. त्यावर गोळ्या आहेत, व्यायाम आहेत. लाजेपायी कितीजणी घराबाहेर पडणंच सोडतात.