ताई, डिटेक्टिव्हचं लायसन कुठं मिळतंय?

या प्रश्नाचं उत्तर मी लग्नाच्या पंगतीत दिलंय, बँकेच्या रांगेत दिलंय, एकदा दातांच्या डॉक्टरांना तोंड उघडं ठेवूनही दिलंय. तुम्ही परत विचारलंत म्हणून आता लिहूनच टाकते. खासगी डिटेक्टिव्ह व्हायला आपल्याकडे लायसन लागत नाही, कारण ते देणारा कायदाच नाही.

2007 साली राज्यसभेत विधेयक आलं होतं: एजन्सीला परवाना, परवाना देणारी मंडळं, सगळं होतं त्यात. कायदा काही झाला नाही, पुढे सरकारने ते मागे घेतलं. 2005 चा जो कायदा लोक दाखवतात तो सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या एजन्सींचा. त्याचं लायसन भिंतीवर टांगून आमचा धंदा करणारे आहेत, पण तो कागद या कामाचा नव्हे. माझ्याकडे काय आहे? शॉप अ‍ॅक्टचा कागद आणि पॅन. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या झेरॉक्सवाल्याकडेही एवढंच असतं.

‘मग कुणीही करू शकतं?’ हो. ‘मग तुमच्यावर विश्वास कशाला ठेवायचा?’ इथे माझा आवाज चढतो, कारण भिंतीवर लावण्यासारखं उत्तर माझ्याकडे नाही.

पोटगीचा दावा होता. नवरा म्हणत होता, मी बेकार, भावाच्या जिवावर जगतो. मी हुपरीला गेले. त्याचा चांदीचा कारखाना होता, कागदावर भावाच्या नावाने. पैंजण बघायचे म्हणून आत शिरले तर मजुरीचा भाव हाच सांगतोय, कारागिरांना उचल हाच देतोय, आणि भाऊ कुठे दिसत नाही. नंतर बरेच दिवस रस्त्यावरून फोटो काढले. कुणाचा फोन उघडला नाही, कुणाच्या दारात कॅमेरा बसवला नाही. फोटोंसोबत कायद्याला लागतं ते प्रमाणपत्रही जोडलं.

कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात उलटतपासणी झाली. मला वाटलं होतं, नवऱ्याचे वकील फोटोंवर येतील. त्यांनी फाईल उघडलीसुद्धा नाही.

‘आपल्याकडे सरकारी परवाना आहे?’

‘साहेब, असा परवाना...’

‘हो की नाही?’

‘नाही.’

‘म्हणजे विनापरवाना एका गृहस्थाच्या मागावर फिरत होता.’

बसले खाली. परवाना नसतोच, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. आमच्या वकिलांनी नंतर ते नोंदवून घेतलं, न्यायाधीशांनीही मान डोलावली. पण व्हरांड्यात पोटगी मागणाऱ्या मुलीची आई मला म्हणाली, ‘बाई, आधी सांगायचं होतं की हो. आम्ही तुम्हाला सरकारमान्य समजून पैसं दिलं.’ मी तिला 2007 पासून सगळं समजावत बसले. तिने ऐकून घेतलं आणि उरलेली फी मोजून हातात ठेवली. तिने ती बुडवली असती तर मला बरं वाटलं असतं. पुढे तडजोड झाली म्हणे, किती रकमेवर ते मला कुणी कळवलं नाही.

त्याआधी मी छातीठोकपणे सांगायचे, लायसन कशाला, काम बोलतं. त्या दिवशी काम काही बोललं नाही. मग वाटू लागलं, हवाच कायदा. पण मंडळ आलं की पहिले परवाने कुणाला मिळणार? निवृत्त फौजदारांना. माझ्यासारखी बाई खेटे घालणार. आणि कॉल रेकॉर्ड विकणारे? तो गुन्हा आजही आहे, तरी विकतात. परवाना मिळाल्यावर थांबतील? मला तसं वाटत नाही. तरी त्या आईसमोर ठेवायला एक शिक्क्याचा कागद असता तर... असो.

हल्ली लोक कात्रणं घेऊन येतात. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की घटस्फोटाच्या खटल्यात जोडीदाराचं गुपचूप केलेलं रेकॉर्डिंग पुरावा म्हणून चालू शकतं. ‘मग बसवा की मशीन आमच्या बेडरूममध्ये!’ अहो, तो निकाल नवरा-बायकोने आपसातलं बोलणं टिपण्याबद्दल आहे, माझ्याबद्दल नाही. मी नाही म्हणते. ते दुसऱ्याकडे जातात, आणि तो हो म्हणतो. त्याच्याकडेही लायसन नसतंच.

कोर्स करून ‘डिटेक्टिव्ह’ आयकार्ड घेणाऱ्या पोरांना एवढंच सांगते: त्यावर अशोकस्तंभ छापला असेल तर आधी ते फाडा, राजमुद्रेचा गैरवापर हा 2005 च्याच, पण राजमुद्रेसाठीच्या वेगळ्या कायद्याने गुन्हा आहे. आणि कोर्सची फी परत मागा. मिळणार नाही, पण मागा.