कंबर आधी, हात मागून

आमचं गाव दर्यापूर तालुक्यातलं, खारपाणपट्ट्यातलं. इथल्या पोट्ट्यांना खेळ म्हटलं की क्रिकेट. कॉलेजात बेसबॉलच्या टीमला पोरं कमी पडत होती म्हणून सरांनी मला ओढलं. मनात म्हटलं, बॅटिंगच तर करायची आहे! पहिला महिनाभर माझा चेंडू शॉर्टस्टॉपपर्यंत, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या खेळाडूपर्यंत, सरपटत जायचा आणि तळहात झिणझिणायचे.

झिणझिण्यांचं कारण लवकर कळलं. चेंडू मुठीजवळ लागत होता. टोकापासून पाच-सात इंच आत लागला तर हाताला धक्का जवळजवळ जाणवतच नाही. ताकदीचं कोडं मात्र सुटेना. ती दंडातच असते असं समजून मी जोर वाढवले. दंड भरले, चेंडू तिथंच.

मग मित्रानं मोबाइलवर स्लो मोशनमध्ये शूटिंग केलं. कंबर, खांदे, हात सगळं दाराच्या फळीसारखं एकदमच फिरत होतं. बाबांनी मागून बघितलं. "काहून बे, नुसत्या हातानं मारतं? गोफण अशी मारली तं गोटा धुऱ्यावरच पडन."

ज्वारीवरची पाखरं हाकलताना गोफण मीही मारली होती, पण बॅट हातात आली की ते आठवायचं नाही. वजन मागच्या पायावर घ्यायचं, पुढचा पाय जरासा टाकायचा. तो टेकला की कंबर उघडायची. हात तेव्हाही मागच्या खांद्यापाशीच थांबायला हवेत. पोटाला आडवा पीळ बसतो, तो खरा जोर. मग पुढचा गुडघा ताठ होऊन अंगाला अडवतो, कंबरेचा वेग छातीत, छातीचा हातात आणि शेवटी बॅटच्या टोकात जातो. लिहायला चार ओळी, अंगात बसायला दिवाळी आली.

सोयाबीन निघालेलं वावर हेच माझं मैदान. बांबू रोवून त्याच्या टोकाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा बसवला, त्यावर चेंडू ठेवायचा आणि हाणायचा.

सरांनी सांगितलेल्या एका हिशेबानं तर माझी पळवाटच बंद केली. बॅटचा वेग ताशी १ मैलानं वाढला तर चेंडूचा सुमारे १.२ मैलानं वाढतो. पिचरनं, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यानं, १ मैल जास्त वेगानं टाकला तर फक्त ०.२ च्या आसपास. म्हणजे "आज बॉलच हळू येत होता" हे बोलायची सोय नाही.

पुढची चूक अतिउत्साहाची. पिचर १० इंच उंच मातीच्या उंचवट्यावरून टाकतो, चेंडू उतरत येतो, म्हणून बॅट किंचित वर चढत गेली पाहिजे. १९४१ मध्ये .४०६ ची सरासरी (म्हणजे हजारात ४०६ यशस्वी फटके) काढणारा अमेरिकन बेसबॉलपटू टेड विल्यम्सही हेच सांगायचा. मी त्यातलं 'किंचित' विसरलो. आठवडाभर नुसते आभाळात झेल! मागचा खांदा फार पडत होता; तो सावरला तेव्हा कुठे चेंडू सरळ निघू लागला.

सुरुवातीला बांबूवरून मारलेला चेंडू ४५ पावलांवर टप्पा घ्यायचा. शेवटच्या संध्याकाळी ७१ पावलांनंतर शेजारच्या तुरीत घुसला. अंधार पडेपर्यंत शोधला, सापडला नाही. दुसऱ्या दिवशी बाबांनी हरभऱ्यासाठी वखर घातला आणि मैदान संपलं. चेंडू तूर सोंगताना मिळाला, शिवण उसवलेला.